फरासखाना : डेरे, कनाती व पडदे यांचा विचार

१. विषयाचें प्रयोजन

पुण्यांत बुधवार पेठेंत, शनिवारवाड्यापासून जवळच, एका पोलीस ठाण्यास अद्यापि ‘फरासखाना’ असें म्हणतात. त्यावरून रोज जाणाऱ्या हजारों लोकांपैकीं या नांवाचा अर्थ सांगूं शकणारे थोडेच निघतील. फरास म्हणजे जाजम अंथरणारा, डेरे उभारणारा व पडदे बांधणारा चाकर. आणि त्याच्या ताब्यांतील सामान जेथें राही तो फरासखाना. मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांच्या ज्या यादी परंपरेनें चालत आल्या आहेत, त्यांत तोफखाना, पीलखाना, जवाहीरखाना यांच्याच पंक्तीस फरासखानाही बसविलेला आढळतो. तोफांविषयीं, हत्तींविषयीं व जवाहिराविषयीं आमच्या इतिहासकारांनीं पुष्कळ लिहिलें. पण फरासखान्याच्या वांट्यास दोन ओळींपलीकडे कांहीं आलें नाहीं.

ही उपेक्षा केवळ विस्मरणामुळें झाली असती तर तिचा एवढा विषाद वाटला नसता. परंतु तिच्यापासून एक चुकीचा ग्रह उत्पन्न झाला आहे. जुन्या वाड्यांचे दिवाणखाने पाहून, ‘येथें मेज नाहीं, खुर्ची नाहीं, कपाट नाहीं, सारी जागा रिकामी’ असें पाहणारा म्हणतो, आणि त्यावरून ‘आमच्या पूर्वजांस घर सजविण्याची कला नव्हती’ असें अनुमान काढून मोकळा होतो. आमच्या मतें हें अनुमान सर्वथा उलटें आहे. ती जागा रिकामी नव्हती. ती रिकामी करतां येत असे. या दोन गोष्टींतील भेद दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. प्राचीन शब्द

कापडाची भिंत व कापडाचें घर हीं मुसलमानी अमलाबरोबर या देशांत आलीं असा एक समज आहे. शब्दांकडे पाहिलें तर तो टिकत नाहीं. अमरसिंहानें मनुष्यवर्गांत एका श्लोकाच्या आटोपांत या विषयाचे शब्द एकत्र गुंफले आहेत : छतासाठीं वितान व उल्लोच, वस्त्रगृहासाठीं दूष्य, आणि पडद्यासाठीं प्रतिसीरा, जवनिका व तिरस्करिणी. कोशकारास एका वस्तूसाठीं तीन-तीन पर्याय द्यावे लागतात, त्या अर्थीं ती वस्तु नित्य व्यवहारांतली असली पाहिजे हें उघड आहे.

याहून बोलका पुरावा बाणभट्टाचा. हर्षचरिताच्या सातव्या उच्छ्वासांत हर्षाचें सैन्य पहांटे कूच करितें त्याचें वर्णन आहे. त्यांत ‘गृहचिन्तक’ या नांवाचे चाकर पटकुटी, काण्डपट, मंडप, परिवस्त्रा व वितानकें गुंडाळीत आहेत आणि खुंट्यांचे जुडगे चामड्याच्या चपट्या पिशव्यांत भरले जात आहेत, असें बाण सांगतो. हा सातव्या शतकांतील फरासखानाच होय. काण्डपट म्हणजे पुढील काळांतील कनात, आणि गृहचिन्तक म्हणजे फरास, असें आम्ही समजतों. कवि राजाच्या ऐश्वर्याचें वर्णन करण्यास बसला असतां त्याची दृष्टि खुंट्यांच्या पिशवीवर गेली, यांतच त्याचें निरीक्षण दिसून येतें. डेरा उभारण्याइतकेंच डेरा मोडणें हेंही शास्त्र आहे, आणि खुंटी हरवली तर मखमलीचा डेरासुद्धां उभा राहत नाहीं.

मराठींत मात्र आज हे संस्कृत शब्द उरले नाहींत. शिवाजी महाराजांच्या आज्ञेनें राजव्यवहारकोश रचला गेला आणि दरबारांतील फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देण्याचा मोठा यत्न झाला. तथापि फरास, कनात, शामियाना, पडदा, बिचोबा, पेशखाना हे शब्द जेथल्या तेथें राहिले. आम्हांस याचें कारण असें वाटतें कीं, दफ्तरांतील शब्द कारकुनाच्या लेखणीनें बदलतां येतो, पण ज्या शब्दानें शें-दोनशें माणसें एका दमांत दोर ओढतात तो शब्द तळावर बदलणें कठीण असतें. देशी शब्दांपैकीं पाल टिकलें, तें गरिबाच्या डोक्यावर होतें म्हणून. ‘डेरेदाखल होणें’ व ‘डेरेदांडे उचलणें’ हे प्रयोग तर अद्यापि बोलण्यांत आहेत, जरी बोलणाऱ्याच्या घरीं डेराही नाहीं व दांडाही नाहीं.

३. आईन-ई-अकबरींतील फरासखाना

या कारखान्याचें सर्वांत तपशीलवार वर्णन अबुल फजल यानें आईन-ई-अकबरींत करून ठेविलें आहे. बादशहाच्या एका मुक्कामाचें सामान वाहण्यास १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे व १०० हमाल लागत, आणि त्याबरोबर १,००० फरास, ५०० बेलदार, १०० भिस्ती, ५० सुतार, शिवाय तंबू शिवणारे, मशालजी, चर्मकार व झाडूवाले असत, असें तो लिहितो. बारगाह नांवाच्या सर्वांत मोठ्या डेऱ्याखालीं दहा हजारांहून अधिक लोक मावत व तो उभारण्यास एक हजार फरासांस यंत्रांच्या साहाय्यानें आठवडा लागे. साध्या बारगाहाचाही खर्च दहा हजार रुपयांवर जाई.

परंतु आमचें लक्ष वेधतें तें या मोठ्या आंकड्यांकडे नव्हे, तर रचनेकडे. अबुल फजल ज्यास ‘चोबीन रावटी’ म्हणतो ती दहा खांबांवर उभी राही. मराठींतील राहुटी हा शब्द त्याच घराण्यांतला. ‘दो-आशियाना मंझिल’ म्हणजे दुमजली घर. अठरा खांबांवर लांकडी तक्तपोशी, व तिच्यावर खिळींनीं जोडलेले दुसरे खांब. प्रवासांत बादशहा तेथें निजे, तेथेंच उपासना करी, आणि तेथूनच खालीं चाललेली हत्ती-उंटांच्या शिध्याची तपासणी पाही. म्हणजे शयनगृह, देवघर व कचेरी हीं तिन्ही एकाच चौकटींत, वेळेच्या वांटणीनें. ‘जमीनदोज’ नांवाच्या डेऱ्यांत आंतून पडदे लावून एकाचे दोन भाग करीत. ‘खरगाह’ हा घडी होणारा डेरा, एका किंवा दोन दारांचा.

यांतही ‘गुलालबार’ हें प्रकरण फार मननीय आहे. राजवाड्याभोंवतालचें हें कुंपण बादशहाचीच कल्पना होय असें अबुल फजल सांगतो. लांकडी जाळीचे तुकडे एकमेकांस चामड्याच्या वाद्यांनीं जोडलेले, त्यामुळें कूच करितेवेळीं त्यांची घडी होई. वर तांबडें कापड, फितीनें बांधलेलें. आणि दारांस कुलुपें व किल्ल्या. भिंत घडी घालून उंटावर लादावी आणि संध्याकाळीं दुसऱ्या गांवीं तिला पुन्हां कुलूप लावावें, ही कल्पना साधी दिसते. परंतु तिच्यांत सुतार, चर्मकार व शिंपी या तिघांच्या कसबांचा मेळ आहे.

एक मुक्काम उठून दुसरा उभा राहीपर्यंत बादशहानें उघड्यावर कोठें बसावें? यावर उपाय असा कीं, सामानाचे दोन संच ठेवावेत. एक वापरांत असतां दुसरा एक मजल पुढें जाऊन उभा राही. यास पेशखाना म्हणत. फ्रेंच वैद्य बर्निए हा १६६४ च्या डिसेंबरांत औरंगजेबाबरोबर दिल्लीहून काश्मीरकडे निघाला, तेव्हां त्यानें हा पेशखाना पाहिला. त्याच्या मतें त्यास ६० हून अधिक हत्ती, २०० उंट, १०० खेंचरें व १०० हमाल लागत. कनाती सात-आठ फूट उंच, बाहेरून तांबड्या व आंतून मच्छलीपट्टणच्या छिटाच्या. छिटावर फुलदाण्या चितारलेल्या. ही जोडी ठेवण्याची पद्धत मराठ्यांनींही उचलली. शब्दासह उचलली, हें वर सांगितलेंच आहे.

४. एकाच राजाचे दोन डेरे

मराठी राज्याच्या आरंभीं या सामानाकडे कोणत्या दृष्टीनें पाहत होते, हें दोन प्रसंगांवरून चांगलें कळतें. दोन्ही प्रसंग शिवाजी महाराजांचेच आहेत.

पहिला प्रसंग १० नोव्हेंबर १६५९ चा. प्रतापगडाखालीं अफझलखानाच्या भेटीसाठीं जी सदर उभारिली, तिचें वर्णन सभासदानें मुद्दाम केलें आहे. जडावाचे बिछाने, मोत्यांच्या झालरी हा थाट पाहून खान चकित झाला व एका वजिराच्या मुलाजवळ, बादशहाजवळही नाहीं असें सामान कसें, असें बोलला. त्यावर पंताजीपंतांनीं, बादशाही माल बादशहाच्याच घरीं जाणार, मग त्याची एवढी चिंता कशास, अशा अर्थाचें उत्तर दिलें. ही सदर दोन प्रहरांच्या कामासाठीं होती. खानास आश्वस्त करावें, त्याच्या लोभास खाद्य घालावें व त्याला त्याच्या लष्करापासून दूर आणावें, एवढेंच तिचें कार्य. बखरकारानें रंग भरला असेल असें मानिलें, तरी शामियान्याचा उपयोग राजकारणाचें एक हत्यार म्हणून केला गेला याविषयीं शंका राहत नाहीं.

दुसरा प्रसंग १६७७ चा, कर्नाटकच्या स्वारींतला. तेव्हां महाराजांस राज्याभिषेक होऊन तीन वर्षें झालीं होतीं. पाँडिचेरीचा फ्रेंच अधिकारी फ्रांस्वा मार्तें याच्या वकिलानें महाराजांचा तळ प्रत्यक्ष पाहिला, आणि मार्तेंनें आपल्या आठवणींत त्याचें वर्णन लिहून ठेविलें. तळावर थाटमाट नाहीं, बायका नाहींत, अवजड सामान नाहीं. सबंध तळावर डेरे दोनच, तेही जाड्याभरड्या कापडाचे व अगदीं लहान. एक महाराजांचा व दुसरा प्रधानाचा.

सिंहासनाधीश झालेल्या राजाचा डेरा लहान, आणि अठरा वर्षांपूर्वीं, राज्य कोंवळें असतां, त्याची सदर मोत्यांची! यांत विसंगति पाहणारास फरासखान्याचें मर्म कळलें नाहीं असें आम्ही म्हणूं. डेरा हा वैभव साठविण्याची जागा नसून प्रसंगास जें रूप हवें तें देण्याचें साधन होय, हें महाराजांस ठाऊक होतें. जेथें डोळे दिपवावयाचे तेथें मोतीं, आणि जेथें वेग पाहिजे तेथें जाडेंभरडें कापड.

५. तणावे आणि कळस

डेऱ्याचा सर्व भार दोरांवर, म्हणजे तणाव्यांवर असतो. म्हणून डेऱ्याचें बळ आणि त्याचें मर्मस्थान हीं एकच. संभाजी महाराजांच्या वधानंतर १६८९ मध्यें संताजी घोरपडे व विठोजी चव्हाण यांनीं तुळापुरास औरंगजेबाच्या छावणींत शिरून बादशाही डेऱ्याचे तणावे कापले, डेरा कोसळला आणि त्याचे सोन्याचे कळस ते घेऊन गेले, असें मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरींत आहे. ही बखर प्रसंगानंतर शंभरांहून अधिक वर्षांनीं लिहिलेली. तेव्हां तिच्या तपशिलावर भार टाकणें बरें नव्हे. तथापि लोकांच्या स्मरणांत काय राहिलें तें पाहण्याजोगें आहे. किती माणूस मारिलें हें राहिलें नाहीं; तणावे कापले व कळस आणिले हें राहिलें. मोगलांचें फिरतें नगर हेंच त्यांचें राज्य, आणि कळस हें त्या राज्याचें शिखर, असें त्या पिढीस वाटत होतें.

यानंतर सत्तर वर्षांनीं तीच गोष्ट मराठ्यांकडे फिरली. भाऊसाहेबांच्या छावणीचें वर्णन ग्रँट डफ यानें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या इतिहासांत केलें आहे : उंच व प्रशस्त डेरे, आंतून रेशमी व सकलादी अस्तर, वर दुरून दिसणारे सोनेरी कळस, आणि प्रत्येक सरदाराच्या डेऱ्यांभोंवतीं नानारंगी कनातींच्या अफाट भिंती. दुसऱ्या बाजूस काशीराज पंडित, जो शुजाउद्दौल्याच्या पदरीं राहून हें युद्ध पाहत होता, तो लिहितो कीं अब्दालीनें आपल्या छावणीच्या पुढें एक लहानसा तांबडा डेरा उभारविला होता. रोज पहांटे तो तेथें येई, नमाज पढे, आणि मग घोड्यावर बसून सर्व मोर्चे फिरून पाही.

हीं दोन चित्रें शेजारीं ठेवून ‘मराठे डेऱ्यांमुळें बुडाले’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह पुष्कळांस झाला आहे. आम्ही तो स्वीकारीत नाहीं. पानिपतावर मराठ्यांचा घात झाला तो रसद तुटल्यामुळें व लढाऊ नसलेल्या माणसांचा भार फार झाल्यामुळें. पोट रिकामें असलें म्हणजे कनात तांबडी असो कीं पांढरी, सारखीच. शिवाय ग्रँट डफचें वर्णन पासष्ट वर्षांनंतरचें. परंतु एक गोष्ट मान्य केली पाहिजे. १६७७ च्या तळावर डेरा प्रसंगाच्या आज्ञेंत होता. १७६० मध्यें प्रसंगच डेऱ्यांच्या आज्ञेंत गेला होता. जें हलविण्यासाठीं केलें तें हलवेनासें झालें, कीं त्याचा मूळ गुणच गेला.

तरीही तळ मांडण्याची शिस्त मराठ्यांनीं शेवटपर्यंत सोडली नाहीं. इंग्रज अधिकारी ब्रौटन हा १८०९ मध्यें दौलतराव शिंद्यांच्या लष्कराबरोबर होता. तो सांगतो कीं, बिनीवाला पुढें जाऊन नव्या जागीं एक लहान पांढरें निशाण रोंवी. तें महाराजांच्या देवडीचें स्थान. त्यावरून बाजारांच्या रांगा व सरदारांचे तळ आपोआप ठरत. गांव रोज नवा, पण घराचा शेजार तोच. आज बिनीवाले हें आडनांव उरलें आहे. ज्या निशाणामुळें तें पडलें तें मात्र विसरलें.

६. वाडा म्हणजे चौकट

आतां वाड्याकडे वळूं. आमच्या मतें पेशवाईंतील वाडा समजण्याची किल्ली डेऱ्यांत आहे. वाडा मोजीत तो खोल्यांनीं नव्हे, खणांनीं. खण म्हणजे दोन खांबांमधील अंतर. खांब, तुळया व वरची तक्तपोशी ही चौकट कायमची. तिच्या आंत भिंत घालावयाची कीं नाहीं, हा पुढचा प्रश्न. दिवाणखान्यास जेथें तेथें कमानी व खांबच दिसतात, भिंती दिसत नाहींत, याचें कारण हेंच. कमानींत पडदा सोडला कीं दोन जागा झाल्या. गुंडाळून वर बांधला कीं एक. उन्हाळ्यांत चिक किंवा वाळ्याची तट्टी, थंडींत रुईभरला जाड पडदा, पावसाळ्यांत मेणकापड. भिंत ऋतूप्रमाणें बदले.

मग सामान कोठें असे? तें भिंतींत असे. जेथें भिंत खरोखर होती तेथें ती चांगली रुंद, आणि तिच्या पोटांत कोनाडे, देवळ्या, फडताळें व बळदें. खुंट्यांवर पागोटीं व तलवारी. अशा रीतीनें भिंतीनें सामान आपल्या अंगांत घेतलें, म्हणून जमीन मोकळी राहिली. जमिनीवर जें येई तें येण्याजाण्याचें : सतरंजी, जाजम, गालिचा, गादी, लोड, तक्क्या, गिरदी, पाट, चौरंग. झोंपाळासुद्धां कड्यांवरून काढतां येई. या सर्वांत कारागिरीनें श्रेष्ठ अशी एक वस्तु आमच्या वाचकांच्या नित्य परिचयाची आहे, ती पोथी ठेवण्याची ठवणी. एकाच फळींतून कोरलेली, खिळा नाहीं, सरस नाहीं. उघडली कीं पोथीचें आसन, मिटली कीं पुन्हां फळी. घडीच्या सामानाचें सर्व तत्त्व त्या एका फळींत सांठविलेलें आहे.

यामुळें एकाच दिवाणखान्यांत सकाळीं कचेरी, दुपारीं ब्राह्मणभोजन, सायंकाळीं दरबार व रात्रीं कीर्तन किंवा नाच होऊं शके. कामें बदलत तशी बैठक बदले, आणि बैठक बदलणारा फरास. शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० त व वास्तुशांत १७३२ त झाली. १८२८ च्या आगींत आंतील लांकडी इमारती जळल्या, आणि आज जोतीं मात्र दिसतात. सुदैवानें त्यांतील एका दरबाराचें चित्र उरलें आहे. १७९० च्या तहाच्या वेळीं सवाई माधवरावांच्या दरबारांत चार्ल्स मॅलेट बसला आहे, असें तें चित्र; जेम्स वेल्स याच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनिएल यानें तें १८०५ मध्यें रंगविलें. लांकडी कोरीव खांब, पांढरी बिछायत, आणि तिच्यावर पेशवे, मुत्सद्दी व इंग्रज वकील सर्वच जमिनीवर बसलेले. खुर्ची एकही नाहीं. कोण मोठा व कोण धाकटा हें आसनाच्या उंचीवरून नव्हे, तर मसनदीपासूनच्या अंतरावरून कळतें.

१८१८ नंतर हें पालटलें. खुर्ची आली, तिच्यामागून मेज आलें, आणि मेजानें जागा धरली. जड वस्तु एकदां मांडली कीं ती जागेचें नांव ठरविते. जेवणाचें मेज आलें कीं जेवणाची खोली झाली, पलंग कायमचा आला कीं निजावयाची खोली झाली. पूर्वीं ओसरी, सोपा, माजघर, पडवी हीं नांवें स्थानावरून पडलीं होतीं, सामानावरून नव्हे. जुन्या वाड्यांस अपवाद होतेच. स्वयंपाकघर व देवघर हीं सोंवळ्यामुळें अचल होतीं. परंतु उरलेलें घर चल होतें. परक्या पाहुण्यास तें रितें वाटलें, आणि पुढें आम्हांसही तसेंच वाटूं लागलें.

७. पडद्याची दुसरी बाजू

केवळ गुणच सांगणें हें इतिहासाचें काम नव्हे. पडदा जागा वांटतो तशीं माणसेंही वांटतो. कनात राजास जनांपासून, चिक स्त्रियांस सदरेपासून, आणि पंक्तींतील अंतर एका जातीस दुसरीपासून दूर ठेवी. तांबडा रंग बादशहाचा व त्याच्या घराण्याचा. दुसऱ्यानें तो वापरूं नये. हलक्या कापडाच्या भिंतीस माणसें दगडी भिंतीहून अधिक भीत, कारण तिच्यामागें हुकूम उभा असे. शिवाय ही सोय ज्यांच्या खांद्यावर होती ते फरास, हमाल व भिस्ती इतिहासांत संख्येनेंच येतात, नांवानें येत नाहींत.

परंतु याच पडद्याचें एक सौम्य रूप आमच्या प्रत्येक घरीं अद्यापि नांदत आहे. लग्नांत वधूवरांमध्यें धरावयाचा अंतरपाट ही या सर्व कुळांतील सर्वांत लहान कनात. तिला खांब नाहीं, तणावा नाहीं. दोन माणसांचे चार हात हाच तिचा आधार. मंगलाष्टकें संपेपर्यंत ती भिंत आहे, आणि शेवटच्या अक्षता पडतांच ती साधें वस्त्र होते. भिंत उभारावी ती काढण्यासाठींच, हें तत्त्व इतक्या थोडक्यांत दुसऱ्या कोणीं सांगितलेलें आम्हांस ठाऊक नाहीं.

८. उरलें काय, व राखावें काय

ज्या वस्तु वापरून वापरून संपतात त्या मागें उरत नाहींत. डेऱ्याचें फाटलेलें कापड राहुटीस, राहुटीचें पालास, पालाचें पोत्यास व पोत्याचें पोतेऱ्यास जाई. या काटकसरीमुळें घर चाललें, पण संग्रहालयें रितीं राहिलीं. जें उरलें तें बहुधा कोठारांत अडकून पडलें म्हणून, किंवा लूट म्हणून परदेशीं गेलें म्हणून. जोधपुरास मेहरानगडावर सतराव्या शतकांतील तांबड्या मखमलीचा ‘लाल डेरा’ आहे. अहमदाबादेच्या कॅलिको संग्रहालयांत कनातींचे पट आहेत. टिपू सुलतानाचा छिटाचा डेरा १७९९ नंतर क्लाइव्ह घराण्याकडे जाऊन वेल्समधील पोविस किल्ल्यांत राहिला आहे. महाराष्ट्राच्या वांट्यास, पुण्यांतील एका ठाण्याचें नांव!

म्हणून हस्तलिखितें जमविणाऱ्या आमच्या वाचकांस एक आग्रहाची विनंति आहे. रुमाल सोडला कीं आपण प्रथम पत्रें पाहतों. राजकारण, लढाई, तह निघाला कीं धन्य मानितों. सामानाच्या यादी, शिलकेचे ताळेबंद, दुरुस्तीचे हिशेब, शिंप्याच्या व सुताराच्या मजुरीच्या चिठ्ठ्या हीं ‘किरकोळ’ म्हणून बाजूस पडतात, आणि बाजूस पडलेला कागद लवकरच वाळवीच्या मुखीं जातो. परंतु फरासखान्याचा इतिहास असल्याच कागदांत आहे. कनातींची लांबी किती, किती हात खादी लागली, कोणता डेरा मोडून कोणता केला, लग्नकार्यास कोणीं कोणाकडून बिछायत मागून नेली, परत आली ती फाटकी कीं धड, हें सर्व तेथें असतें. त्याचप्रमाणें जुन्या जाजमाची किंवा गालिच्याची पाठ पाहिल्यावांचून तो विकूं देऊं नये. आंबेर-जयपूरच्या गालिच्यांच्या पाठीवर कोठारांतील नोंदीच्या चिठ्ठ्या शिवलेल्या होत्या, आणि त्यांवरूनच त्यांचा काळ लावितां आला. आमच्याकडील सरदारांच्या माळ्यांवरही अशी पाठ कोठें तरी खालीं घालून पडलेली असेल.

या संशोधनाचा आजच्या जगण्याशीं संबंध नाहीं असेंही नव्हे. शहरांतील एक-दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत एकाच जागेंत निजणें, जेवणें, लिहिणें व पाहुणा बसविणें हा प्रश्न पुन्हां उभा राहिला आहे, आणि घडीचे पलंग, सरकत्या भिंती व पडदे यांचा नव्यानें शोध लागत आहे. जपानांत २०११ च्या भूकंपानंतर शाळांच्या प्रशस्त दालनांत आश्रय घेतलेल्या कुटुंबांस वास्तुशिल्पी शिगेरू बान यांनीं कागदी नळ्यांचे खांब व कापडाचे पडदे यांच्या खोल्या करून दिल्या. खांब, आडवा दांडा, आणि त्यावरून सोडलेलें वस्त्र! बाणभट्टाचा गृहचिन्तक तेथें आला असता तर त्याला काय करावयाचें तें कोणीं सांगावें लागलें नसतें.

पूर्वजांचे दिवाणखाने रिते होते, या म्हणण्याचें उत्तर आतां आम्हांस असें देतां येईल : ते रिते नव्हते, दुसऱ्या दिवशींच्या कामासाठीं झाडून ठेविलेले होते. झाडणाराचें नांव मात्र लिहून ठेवण्याचें राहिलें. ज्यांच्या संग्रहीं फरासखान्याचे कागद असतील त्यांनीं ते प्रकाशांत आणावेत, म्हणजे तेंही काम हळूहळू पुरें होईल, इतकी प्रार्थना करून हा लेख येथें संपवितों.